वारसदारांच्या मालिका आणि पगारदारांची घरे

मराठी दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांविरुद्ध आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या संपता संपत नाहीत, त्यांतील स्त्रिया निजतानाही अंगावरचे दागिने उतरवीत नाहीत, मेलेली माणसे वर्षभराने परत येतात, इत्यादी. ह्या तक्रारी खऱ्या असल्या तरी वरवरच्या आहेत. शिवाय त्या करणारी मंडळी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच मालिकेसमोर बसलेली आढळतात. तेव्हा त्यांची उजळणी करण्यात मला स्वारस्य नाही. माझा आक्षेप निराळा आहे. आपल्या मालिकांतील भावंडे भांडतात ती वारशावरून, पगारावरून जवळजवळ कधीच नव्हे. वाडा कोणाच्या नावावर, कंपनीची सूत्रे कोणाच्या हाती, आजोबांच्या मृत्युपत्रात काय लिहिले आहे, किल्ल्यांचा जुडगा कोणत्या सुनेच्या कमरेला, एवढ्या सामग्रीवर शेकडो भाग निघतात. परंतु विशी ओलांडलेली दोन-तीन भावंडे एका शहरात, एकाच वेळी, नोकरीच्या दाराशी उभी आहेत. त्यांतल्या एकाला आत घेतले गेले आणि दुसरा बाहेर राहिला. मग त्या घरात रात्री पाने मांडल्यावर काय होते, हा विषय आमच्या पडद्याला सुचत नाही.

हे मासिक कोणाच्या घरी जाते ते क्षणभर आठवावे. कोणी फेअर्ली प्लेसला पूर्व रेल्वेच्या कचेरीत आहे, कोणी गार्डन रीचला दक्षिण-पूर्व रेल्वेत, कोणी भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, कोणी महालेखापालांकडे, कोणी कोळसा कंपनीत, कोणी बँकेत. तीन-चार वर्षे झाली की बदलीचा हुकूम येतो आणि खोक्यांना पुन्हा दोऱ्या बांधाव्या लागतात. आपल्यापैकी कितीजणांच्या वाट्याला वडिलांकडून एखाद्या उद्योगाची सूत्रे आली? गावाकडे घर असलेच तर त्यात तिसरा-चौथा हिस्सा, तोही चुलत्यांच्या सहीवाचून विकता न येणारा. सैन्यदले सोडली तर १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेल्यांना जुन्या धर्तीच्या निवृत्तिवेतनाचाही भरवसा राहिला नाही. आपल्या वर्गाची इस्टेट म्हणजे महिनाअखेरचा पगार आणि मुलांचे शिक्षण. त्या शिक्षणाचे पुढे काय होते, हाच आपल्या घरातला एकमेव उत्कंठेचा प्रश्न असतो. धाकट्या मुलीचे नियुक्तिपत्र बंगळूरहून येते, थोरला मुलगा स्पर्धा परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेला असतो, आणि पेढे आणावेत की न आणावेत ह्या विचारात आई दुपारभर स्वयंपाकघरात उगाच भांडी लावीत बसते. असल्या घरातली माणसे संध्याकाळी दिवाणखान्यात एकत्र बसतात आणि पाहतात काय, तर नाशिक-कोल्हापूरकडच्या कुण्या काल्पनिक घराण्यातील गादीचा तंटा! पगारदारांच्या पैशावर आणि पगारदारांच्या वेळेवर चालणारी ही करमणूक पगारदारांना रोज रात्री जहागीरदारांचा पोशाख चढविते, आणि आम्ही तो मुकाट्याने चढवून घेतो.

भारतीय दूरचित्रवाणीला हा विषय ठाऊकच नव्हता असे कोणी म्हणू नये. तिची पहिली दीर्घ मालिका नेमकी ह्याच विषयावर होती. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली आणि १९८५च्या डिसेंबरपर्यंत चालली. मनोहर श्याम जोशी लेखक, पी. कुमार वासुदेव दिग्दर्शक. दिल्लीतले एक निम्न-मध्यमवर्गीय कुटुंब, दारूच्या आहारी गेलेला बाप, सोशीक आई, आजी-आजोबा आणि पाच भावंडे. थोरला लल्लू नोकरीसाठी खेटे घालणारा. बडकी समाजकार्याकडे ओढ असलेली. मझली नटी व्हायला निघालेली. छुटकीला डॉक्टर व्हायचे आहे. नन्हेला क्रिकेट खेळायचे आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. आणि ह्या उपक्रमाच्या मुळाशी कोण होता? वसंत साठे, आपल्या विदर्भातून लोकसभेवर गेलेले मंत्री. माहिती व नभोवाणी खाते त्यांच्याकडे असताना मेक्सिकोत लोकशिक्षणासाठी चालविल्या जाणाऱ्या मालिकांचे काम त्यांनी पाहिले, आणि तसे काही आपल्याकडे व्हावे ही कल्पना तेथून आली. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका जड झाला की प्रेक्षक कंटाळले. लेखकाने तो हलका केला, भावंडांना मोकळे सोडले, आणि मालिका घरोघर पोचली. कलाकृती म्हणून ती थोर होती असे माझे म्हणणे नाही. तिचे नेपथ्य ओबडधोबड होते, संवाद पुष्कळदा शाळकरी होते. परंतु लल्लू आज मुलाखतीला जाऊन काय करून आला, ह्याची काळजी त्या काळी हावड्यापासून दादरपर्यंतच्या माणसांना होती. एका मराठी मंत्र्याने लावलेल्या रोपाचे मराठीत कलमही होऊ नये, ह्याचे आम्हाला काहीच वाटत नाही.

आता ज्या शहरात आपण राहतो त्या शहराकडे वळू. कलकत्त्याने (२००१ पासून कोलकाता, परंतु ज्या काळाविषयी मी बोलतो आहे त्या काळाला जुनेच नाव शोभते) हा विषय चित्रपटात इतका खोल नेला आहे की आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी तो निदान एकदा तरी नीट पाहावा. ऋत्विक घटक यांचा 'मेघे ढाका तारा' १९६० सालचा. पूर्व बंगालमधून उखडून आलेले कुटुंब, निर्वासितांची वसाहत, आणि नीता नावाची थोरली मुलगी. हाती येणारा प्रत्येक रुपया ती भावंडांच्या मागण्यांत घालते. स्वतःची चप्पल तुटलेली असते. पुढे बापाला अपघात होतो आणि ती शिक्षण सोडून नोकरी धरते. थोरला भाऊ शंकर गाणे शिकतो आहे, म्हणजे तूर्त काही मिळवीत नाही. धाकटा मंटू कारखान्यात लागतो आणि यंत्रात सापडून जायबंदी होतो. धाकटी गीता नीताच्याच मनातल्या माणसाशी लग्न लावून मोकळी होते. शंकर गवई म्हणून नावारूपाला येऊन मुंबईहून परततो तोवर नीता क्षयाने खंगलेली असते. ह्यात कोणीही कपटी नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रत्येकाची गरज खरी आहे. मिळवते माणूस एकच आहे, एवढीच काय ती अडचण; आणि तेवढी अडचण चार माणसांना हळूहळू कशी बदलते ते घटक दाखवितात.

दहा वर्षांनी, १९७० साली, सत्यजित राय यांनी सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवरून 'प्रतिद्वंद्वी' काढला. माझ्या मते आपल्या आजच्या घरांना सर्वांत जवळचा चित्रपट हाच. वडील वारल्यामुळे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडावे लागलेला सिद्धार्थ मुलाखती देत हिंडतो. गेल्या दशकातली सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, असे त्याला विचारतात. तो चंद्रावरच्या पावलाऐवजी व्हिएतनामच्या सामान्य माणसांनी दाखविलेल्या धैर्याचे नाव घेतो, आणि लगेच तो साम्यवादी आहे काय, अशी पृच्छा होते. हा प्रसंग सर्वांना आठवतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते घरातले चित्र. धाकटी बहीण सुतपा नोकरीला लागलेली आहे. तिच्या साहेबाची बायको घरी येऊन आईजवळ काहीबाही बोलून जाते. आता भावाने काय करावे? जुन्या नीतीप्रमाणे त्याने बहिणीला दटवावे, नोकरी सोडायला लावावी. पण घर तिच्या पगारावर चालले आहे आणि तो स्वतः रिकामा आहे. दटावण्याचा अधिकार त्याने मिळविलेला नाही, हे त्यालाही कळते आणि तिलाही. तो साहेबाच्या घरी जाब विचारायला जातो आणि काही न करता परत येतो. धाकटा भाऊ टुनू क्रांतीच्या मार्गाला लागलेला. त्याच्या लेखी थोरला भाऊ भित्रा. एकाच छपराखाली तीन भावंडे, तिघांचे शहराशी तीन प्रकारचे करार. शेवटी सिद्धार्थ औषधांचा विक्रेता म्हणून बालुरघाटला जातो. ज्या शहरासाठी इतकी धडपड केली ते शहरच सोडण्याची अट पत्करून त्याला नोकरी मिळते. बदलीवर जगणाऱ्या आपल्या वाचकांना ह्या शेवटाचे विवरण करून सांगायला नको.

'महानगर' (१९६३) मध्ये बायको मिळवती होते आणि 'जन अरण्य' (१९७६) मध्ये बेकार सोमनाथला दलालीच्या व्यवहारात आपल्याच मित्राच्या बहिणीला गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोचवावे लागते. विस्तार करीत नाही. सांगायचे एवढेच की कोण मिळवितो आणि कोण मिळवीत नाही ह्या साध्या हिशेबातून नात्यांचे काय होते, ह्या प्रश्नाला ह्या शहराने पंधरा-सोळा वर्षे सोडले नाही.

येथे कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले; आजच्या बंगाली मालिका पाहा, त्याही शंखनादाच्या आणि सिंदूरखेळाच्या. अगदी मान्य! बंगालची भाटगिरी करण्यासाठी हा लेख नाही. आजची बंगाली मालिका आपल्या मालिकेची सख्खी बहीण आहे, आणि हे मी अलंकाराने म्हणत नाही. २०१९ साली सुरू झालेली आणि घरोघर पाहिली गेलेली 'आई कुठे काय करते' ही मालिका 'श्रीमोयी' ह्या बंगाली मालिकेवर बेतलेली होती. अरुंधती ही कुटुंबासाठी झिजलेली गृहिणी नवऱ्यापासून वेगळी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहते, हा तिचा गाभा, आणि तो चांगला होता. परंतु त्या घरातही तीन तरुण मुले होती. त्यांच्या उद्योगधंद्याकडे मालिका पाहते ती येता-जाता. त्यांची लग्ने, मोडलेली लग्ने आणि पुन्हा ठरलेली लग्ने ह्यांना मात्र तिच्याजवळ वेळच वेळ. म्हणजे मराठी दूरचित्रवाणी सामग्रीच्या शोधात आपल्या ह्या शहरापर्यंत आली होती. दुकान बरोबर शोधले. फक्त काउंटरवर मांडून ठेवलेला माल उचलून ती परत गेली, मागच्या फडताळाकडे तिने पाहिले नाही.

मराठीला हा विषय परका आहे, हे म्हणणे तर मुळीच टिकत नाही. चिं. वि. जोशी ह्यांचा चिमणराव कारकून होता, आणि त्याचा जनक महाराष्ट्राबाहेर, बडोद्याला राहणारा. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी उभी केली तेव्हा पगारी माणूस पडद्यावर येऊनही लोकांना हसविता येते हे सिद्ध झाले होते. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते. त्यांच्या कथांतली माणसे घड्याळ पाहून लोकल गाठतात. श्री. ना. पेंडसे 'बेस्ट'मध्ये नोकरी करीत. साहित्यात जे होते ते मालिकांत का नाही? 'दामिनी'त पत्रकार स्त्री आली, 'आभाळमाया'त नोकरी करणारी गृहस्वामिनी आली, हे मी विसरलेलो नाही. २०१५ च्या 'दिल दोस्ती दुनियादारी'त मुंबईच्या एका जागेत राहणारी सहा तरुण माणसे आली. मालिका तजेलदार होती आणि घराघरांतल्या मुलांना ती आवडली. पण ती मित्रांची गोष्ट. मित्राचे आणि आपले बिनसले तर तो दुसरी जागा पाहतो. बेकार भाऊ दुसरी जागा पाहू शकत नाही; तो आपल्याच शेजारच्या पाटावर जेवतो, आणि वाढणारी आई एकच असते. 'सहकुटुंब सहपरिवार'मध्ये भाऊ आहेत आणि ते कष्टही करतात. पण दुकान घरचे आहे, तेथे कोणाला अर्ज लिहावा लागत नाही.

आपल्या रंगभूमीवरील एक उदाहरण मला फार बोलके वाटते. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे भावंडांचे श्रेष्ठ मराठी नाटक. थोरला भास्कर वाडा धरून बसलेला, सुधीर मुंबईला नोकरीला, धाकटा चंदू घरात राबणारा, आणि शिकण्याची इच्छा जिची दाबून टाकली गेली ती प्रभा. वडील वारले म्हणून सुधीर सपत्नीक धरणगावला येतो आणि नाटक घडते. त्या नाटकाविषयी माझी तक्रार नाही. ते वाड्याचेच नाटक आहे आणि वाडा कोसळतो आहे हे एलकुंचवारांना कोणीही सांगायला नको. पण त्यानंतरच्या मालिकालेखकांनी त्यातून उचलले काय? वाडा आणि सोने. मुंबईला सुधीरच्या कचेरीत काय होत होते, त्याच्या पगारात किती भागत होते आणि गावच्या भावांना तो किती मोठा भासत होता, ती दुसरी बाजू लिहायला कोणी पुढे आले नाही. गावी परतलेला भाऊ आम्हाला दिसतो. शहरात राहणारा भाऊ दिसत नाही.

आणि मालमसाल्याचीही वाण नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत, शनिवार-नारायणात, नवी पेठेत अभ्यासिका आहेत. महाराष्ट्राच्या सगळ्या जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली तेथे महिन्याच्या भाड्याने एक टेबल आणि एक दिवा घेतात, खानावळीचा डबा लावतात आणि राज्यसेवेची जाहिरात निघण्याची वाट पाहतात. ११ मार्च २०२१ रोजी, तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा आयोगाने पुढे ढकलली तेव्हा ती पुण्यात रस्त्यावर उतरली. सरकारला परीक्षा त्याच महिन्याच्या २१ तारखेला ठरवावी लागली. वर्तमानपत्रांनी ते आंदोलन म्हणून छापले. पण अशा टेबलावर बसलेल्या मुलामागे पुष्कळदा कोणी तरी भावंड उभे असते: औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम करणारा भाऊ, नाही तर जिचे स्थळ 'भाऊ लागू दे, मग बघू' म्हणून थांबविले ती बहीण. वयोमर्यादा उलटून गेली तर त्या दोघांनी एकमेकांकडे कसे पाहावे? ह्यात नाट्य नाही असे ज्याला वाटते त्याने खुशाल किल्ल्यांच्या जुडग्यांवर लिहावे.

आक्षेप घेणारे सांगतात की दिवसभर कचेरीत शिणलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा कचेरी नको असते. हे मला पटत नाही. हाच शिणलेला माणूस मंडळात चार ओळखीचे भेटले की बढतीची यादी, महागाई भत्ता आणि कोणाच्या मुलाला कोठे किती देतात ह्याखेरीज बोलत नाही. हाजरा रस्त्यावरच्या महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाच्या दिवसांत जिन्यावर दहा मिनिटे उभे राहावे. आत मंचावर काय चालले आहे ह्यापेक्षा बाहेर चाललेले हे पुराण अधिक रंगलेले असते. त्याला कचेरीचा कंटाळा नाही. त्याला भीती आहे ती निराळीच: आपल्या दोन मुलांतली तुलना कोणी उघड बोलून दाखवील ह्याची. मालिका ती तुलना कधी करीत नाही, म्हणून ती त्याला सोयीची. आणि येथेच माझा राग निर्मात्यांपेक्षा आपल्यावर अधिक आहे. निर्माता विकला जाणारा माल करतो. आपण मात्र मुलांना मराठी यावी म्हणून मालिका लावतो. बालीगंज-सॉल्ट लेकमधल्या आपल्या कित्येक घरांत आई-वडिलांच्या तोंडच्या मराठीखेरीज मुलांच्या कानावर पडणारी मराठी तेवढीच. त्या मराठीत रुसण्याचे, टोमणे मारण्याचे, शपथा घेण्याचे आणि ओटी भरण्याचे शब्द मुबलक आहेत. पण पहिल्या दिवशी साहेबासमोर कसे बोलावे, पगार कमी वाटला तर कसे सांगावे, नोकरी गेली हे घरी कोणत्या शब्दांत कळवावे, धाकट्या बहिणीकडे उसने मागताना आवाज कसा ठेवावा, ह्यांचे मराठी आमच्या मुलांनी कधी ऐकलेलेच नसते. मग ती असल्या गोष्टी एकमेकांशी इंग्रजीत बोलतात आणि आपण मंडळाच्या वार्षिक सभेत मायबोलीच्या ऱ्हासावर ठराव करतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. मालिका लिहिणारी मंडळी तरुण वयातच त्या धंद्यात शिरलेली असतात. कचेरी, कारखाना, लेखापरीक्षा ह्यांची आतली माहिती त्यांना कोठून असणार? खरे आहे. पण ती माहिती ज्यांच्याजवळ आहे ते हेच मासिक हातात धरून बसलेले आहेत. मंडळाच्या उत्सवात दरवर्षी पुण्या-मुंबईचे एखादे जुने प्रहसन बसविण्यापेक्षा कोणी एक भाग लिहून पाहावा. कथानक शोधायला दूर जायला नको.

टॉलीगंजकडचे एक सरकारी निवासस्थान. वडील वर्षभरात निवृत्त होणार. घर रिकामे करावे लागणार आणि पुण्याची जागा अजून ताब्यात नाही. थोरला सत्तावीस वर्षांचा, परीक्षेची एकच संधी उरलेली. धाकटी चोवीस वर्षांची, राजारहाटच्या एका संगणक कंपनीत लागून एक महिना झालेला. पहिला पगार खात्यात जमा झाला आहे. आकडा वडिलांच्या पहिल्या पगाराच्या कितीतरी पट. ती मिठाईच्या दुकानातून संदेशाचा पुडा घेऊन येते, देवापुढे ठेवते, आईला देते, वडिलांना देते. वडील वर्तमानपत्र खाली ठेवीत नाहीत. दादा आतल्या खोलीत आहे; दार लोटलेले आहे, कडी लावलेली नाही. त्याच्या फॉर्मची मुदत उद्या संपते आहे आणि फी भरायची आहे, हे तिला ठाऊक आहे. पुडा हातात घेऊन ती दाराशी थांबते. येथून पुढे तिने काय बोलावे आणि त्याने काय उत्तर द्यावे, ते ज्याच्या घरात हे घडले आहे त्याने लिहावे.